लाइट गेली की बॅटरी रिकामी: ग्रिडला वीज देणाऱ्या घरात चार्जच्या मर्यादा कुठे चुकतात

दिवसभर कडक ऊन असतं, दुपारी दोनलाच ॲपमध्ये बॅटरी १०० टक्के दिसते, उरलेली वीज ग्रिडकडे जात असते. रात्री साडेनऊला वारा सुटतो, कुठेतरी तारेवर फांदी पडते आणि लाइट जाते. तासा-दीड तासात इन्व्हर्टर बीप-बीप करतो आणि घर अंधारात. सकाळी इन्स्टॉलर येतो, इन्व्हर्टर बंद-चालू करतो, चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

कोकणात ही तक्रार मे महिन्यात सुरू होते आणि गणपतीपर्यंत चालते. तीन ते पाच किलोवॅटचे पॅनल, हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा), एक लिथियम बॅटरी आणि नेट मीटर असलेली बरीच घरं मी पाहिली आहेत. त्यातल्या बहुतेकांची बॅटरी ठणठणीत होती, इन्व्हर्टरही. बिघाड होता तो सेटिंगमध्ये, आणि रीसेट करून सेटिंग सुधारत नाही. म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी किंवा कोणाशी वाद घालण्याआधी पुढचं सगळं एकदा तपासा.

खालच्या मर्यादा दोन असतात

सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. बॅटरी किती उतरू द्यायची याची मर्यादा एक नसते, दोन असतात. एक लाइट असतानाची आणि एक लाइट गेल्यावरची. लोक एक लावतात आणि दुसरीही लागली असं धरून चालतात.

डेये कंपनीचे आणि त्याच धाटणीच्या मेन्यूचे इन्व्हर्टर आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बसलेत, म्हणून त्यांचेच शब्द घेतो. बॅटरी सेटिंगच्या पानावर तीन आकडे असतात: शटडाउन, लो बॅट, रीस्टार्ट. बहुतेक घरांत ते १०, २० आणि ४० असे असतात. लाइट नसताना बॅटरी शटडाउनच्या आकड्यापर्यंत उतरते आणि तिथे इन्व्हर्टर घराचा पुरवठा तोडतो. ही झाली लाइट गेल्यावरची मर्यादा.

लाइट असतानाची मर्यादा वेगळ्याच पानावर असते. सिस्टम वर्क मोडमध्ये टाइम ऑफ यूज नावाचा तक्ता आहे. त्यात सहा ओळी. प्रत्येक ओळीला सुरुवातीची वेळ, पॉवर आणि बॅटरीचा टक्का. ग्रिड चालू असताना त्या वेळेत बॅटरी त्या टक्क्याच्या खाली उतरत नाही. तिथे २५ लिहिलं असेल तर लाइट असूनही रोज संध्याकाळी घर बॅटरीवर चालतं आणि बॅटरी २५ वर आणून ठेवतं. त्यानंतर लाइट गेली की तुमच्या हातात उरतात फक्त २५ ते १० मधले १५ टक्के.

५.१२ युनिटच्या बॅटरीत, म्हणजे ५१.२ व्होल्ट आणि १०० ॲम्पियर-तासांच्या, १५ टक्के म्हणजे जेमतेम पाऊण युनिट. दोन पंखे, फ्रिज, चार दिवे, वायफाय आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा ५०-६० वॅट खर्च मिळून सरासरी ३०० वॅट धरा. अडीच तासांत खेळ आटोपतो. त्यात कोणी विहिरीवरचा पंप लावला तर अर्ध्या तासातच. तीच मर्यादा ८० वर ठेवली तर ७० टक्के हातात राहतात, म्हणजे साडेतीन युनिट. इन्व्हर्टरमधली घट वजा जाता त्याच घराची रात्र निघते.

दुसऱ्या कंपन्यांमध्ये या मर्यादेला रिझर्व्ह एसओसी किंवा बॅकअप एसओसी म्हणतात (एसओसी म्हणजे बॅटरीत किती टक्के चार्ज आहे ते). काही ठिकाणी ऑन-ग्रिड डीओडी असं लिहिलेलं असतं आणि तिथे सावध राहा. डीओडी म्हणजे किती टक्के काढायचं, किती टक्के ठेवायचं ते नव्हे. तिथे ८० लिहिलं तर बॅटरी २० वर येते. रिझर्व्ह ८० हवा असेल तर डीओडी २० लागतो. हा उलटा आकडा मी अगदी अनुभवी माणसांनी भरलेला पाहिला आहे.

नेट मीटर असताना बॅटरी रोज उतरवायचीच कशाला?

याचं उत्तर पटलं तर निम्म्या अडचणी आपोआप संपतात. नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला दिलेला युनिट रात्री घेतलेल्या युनिटातून वजा होतो. ग्रिड ही तुमची बँकच आहे. मग दुपारचा युनिट बॅटरीत भरून रात्री वापरल्याने बिलात वाचतं काय? काहीच नाही. उलट बॅटरीत भरताना आणि काढताना मिळून दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते आणि बॅटरीचं आयुष्य रोज एका फेऱ्याने कमी होतं.

तरीही बहुतेक इन्व्हर्टर सेल्फ यूजच्या, म्हणजे दुपारची वीज बॅटरीत भरून रात्री घरातच वापरायच्या, सेटिंगवर बसवून दिले जातात. ही पद्धत जिथे विकलेल्या युनिटाला घेतलेल्या युनिटापेक्षा खूप कमी भाव मिळतो, तिथे योग्य आहे. आपल्याकडे नेट मीटरच्या घरगुती ग्राहकाला वर्षभर युनिटास युनिट मिळतो. ३१ मार्चला शिल्लक युनिटांचा हिशेब मिटतो तेव्हा मात्र दर बराच खाली येतो. म्हणून वर्षाअखेरीला ढीगभर युनिट शिल्लक राहतील एवढे पॅनल कोणी लावू नयेत, पण तो वेगळा विषय.

टीओडीचं, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराचं काय, असं कोणीतरी विचारणारच. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. आपल्या बिलात वेळेनुसार युनिट कसे मांडलेत ते आधी पाहा. पण एवढ्याशा फरकासाठी बॅकअपची बॅटरी रोज रिकामी करावी असं मला मुळीच वाटत नाही. तो फरक बॅटरीतल्या घटीतच संपतो.

माझं मत स्पष्ट आहे: नेट मीटर असलेल्या घरात बॅटरी ही लाइट जाण्यासाठी ठेवलेली असते. लाइट असतानाची मर्यादा ८० किंवा त्याहून वर ठेवा, सहाच्या सहा ओळींत.

बॅटरी ग्रिडला विकली जातेय का?

हे तपासायला ॲप लागत नाही. रात्री जेवणं झाल्यावर नेट मीटरसमोर उभं राहून डिस्प्लेवरचा एक्स्पोर्टचा, म्हणजे ग्रिडला दिलेल्या युनिटांचा, आकडा लिहून ठेवा. पहाटे ऊन यायच्या आधी तोच आकडा पुन्हा बघा. रात्री सूर्य नसतो, त्यामुळे एक्स्पोर्ट वाढायचं कारणच नाही. दशांशात थोडं हललं तर सोडून द्या. अर्धा-एक युनिट वाढला असेल, तर ती वीज बॅटरीतूनच गेली.

असं झालं तर आधी वर्क मोड पाहा. तिथे तीन पर्याय असतात: सेलिंग फर्स्ट, झिरो एक्स्पोर्ट टू लोड, झिरो एक्स्पोर्ट टू सीटी. सेलिंग फर्स्ट आणि टाइम ऑफ यूज दोन्ही चालू असतील तर बॅटरीतली वीजही ग्रिडला विकली जाते. मॅन्युअलमध्येच तसं लिहिलंय, म्हणजे इन्व्हर्टर सांगितलेलंच काम करतोय. नाव ऐकून लोकांना वाटतं की सोलर विकायचं तर सेलिंग फर्स्टच हवं. तसं नाही. झिरो एक्स्पोर्ट टू सीटी निवडून खाली सोलर सेल (Solar Sell, म्हणजे सोलरची विक्री) या पर्यायावर टिक केली की पॅनलची वीज आधी घराला, मग बॅटरीला आणि उरलेली ग्रिडला जाते. नावात झिरो एक्स्पोर्ट असलं तरी सोलर सेलच्या टिकमुळे जादा वीज विकली जातेच. नेट मीटरच्या घराला हाच क्रम हवा असतो.

मोड बरोबर असूनही रात्री एक्स्पोर्ट वाढत असेल तर संशय सीटीवर. सीटी म्हणजे मीटरकडून येणाऱ्या वायरवर चिमट्यासारखी बसवलेली काळी चकती. घर ग्रिडकडून किती घेतंय ते इन्व्हर्टर तिच्यावरून ओळखतो. तिच्या अंगावर छोटा बाण असतो. बाणाची दिशा कंपनीनुसार ठरते, त्यामुळे मॅन्युअलमधली आकृती पाहूनच ठरवा. ती उलटी बसली तर इन्व्हर्टरला जाणं हे येणं वाटतं. तो बॅटरीतून वीज ढकलतो, ती ग्रिडकडे जाते, त्याला वाटतं घर अजून जास्त घेतंय, म्हणून तो आणखी ढकलतो. रात्री सगळं बंद करून फक्त गिझर किंवा इस्त्री लावा. ॲपमध्ये ग्रिडचा आकडा त्या मशीनच्या वॅटइतका न दिसता भलतीकडे धावू लागला तर सीटी उलटी आहे किंवा चुकीच्या वायरवर आहे. थ्री फेज कनेक्शनवर सिंगल फेज इन्व्हर्टर असेल तर सीटी नेमकी इन्व्हर्टरच्याच फेजवर हवी. सीटी फिरवायचं काम मेन बोर्ड उघडून करायचं असतं, ते वायरमनकडूनच करून घ्या.

सहा ओळी आणि इन्व्हर्टरचं घड्याळ

आमच्या वाडीतल्या एका घरात तक्रार अशी होती की मर्यादा ८० लावूनही बॅटरी संध्याकाळी उतरते. तक्त्यात ओळी होत्या ०१:००, ०५:००, ०९:००, १३:००, १७:०० आणि २१:००. पाच ओळींत ८० लिहिलेलं. २१:०० च्या ओळीत मात्र जुना २५ तसाच राहिलेला, कारण ती ओळ स्क्रीनवर सगळ्यात खाली होती आणि भरणाऱ्याने वरच्या पाच भरून सेव्ह केलं. म्हणजे रात्री नऊ ते एक बॅटरी मोकळी सुटलेली.

पण ॲपमधल्या आलेखात बॅटरी नऊला नाही, साडेसहालाच उतरायला लागत होती. तिथे दुसरा दोष सापडला. इन्व्हर्टरचं घड्याळ अडीच तास पुढे होतं. चीनची वेळ आपल्यापेक्षा बरोबर अडीच तास पुढे आहे आणि कारखान्यातून आलेली ती वेळ कोणी बदललीच नव्हती. बाहेर साडेसहा वाजले की इन्व्हर्टरच्या लेखी नऊ वाजत. दिवेलागणीला टीव्ही, मिक्सर, पंप सगळं बॅटरीवर, आणि साडेआठला लाइट जाईपर्यंत बॅटरी अर्ध्यावर.

म्हणून टक्के तपासण्याआधी इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचं घड्याळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहा. ॲपमधलं नको, स्क्रीनवरचं. वायफायची कांडी बदलली किंवा फर्मवेअर अपडेट झालं की ते पुन्हा एकदा बघा.

दुपारीच बॅटरी भरत नसेल तर

इथे उलटी अडचण असते: बॅटरी ६० वर अडलेली आणि ग्रिडला मात्र भरपूर युनिट जातायत. बॅटरी चार्ज करंटची मर्यादा बघा. तिथे १० ॲम्पियर लिहिलं असेल तर ५१ व्होल्टला ते जेमतेम ५०० वॅट होतात. सहा तासांच्या चांगल्या उन्हात बॅटरीत तीनच युनिट जातील, बाकीचे विकले जातील. १०० ॲम्पियर-तासांच्या लिथियम बॅटरीला बहुतेक कंपन्या यापेक्षा बराच जास्त करंट मान्य करतात. आपल्या बॅटरीच्या पाटीवर शिफारस केलेला करंट असतो, तोच भरा.

काही ठिकाणी दुपारी वेगळंच घडतं. गावात सोलर वाढलंय, दुपारी फीडरवर लोड कमी, आणि व्होल्टेज वर चढतं. २३० च्या ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्टच्या पुढे गेलं की इन्व्हर्टरने ग्रिडपासून तुटायचं असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा २०१३ चा नियम आहे. इन्व्हर्टर तुटला की त्याच्या दृष्टीने लाइट गेली, आणि लाइट गेल्यावरची मर्यादा लागू होते. ढगाळ दुपार असेल तर घर बॅटरीवर चालतं आणि घरात कोणाला पत्ता लागत नाही, कारण शेजारी लाइट असते. इन्व्हर्टरच्या फॉल्ट यादीत ग्रिड ओव्हर व्होल्टेजच्या नोंदी दिसतील. त्या नोंदींचे फोटो घेऊन वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या, डीपीवरचा टॅप बदलता येतो. इन्व्हर्टरमधली मर्यादा २७० करून द्या असं इन्स्टॉलरला सांगू नका. तेवढं व्होल्टेज तुमच्या फ्रिजलाही मिळतं.

टक्काच खोटा असेल तर

बॅटरी ४५ दाखवते आणि पाच मिनिटांत थेट ८ वर येऊन बंद पडते. असं झालं की लोक बॅटरी गेली असं समजतात. आधी हे समजून घ्या: एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं. ८० टक्के आणि ३० टक्के यांच्यात अख्ख्या ४८ व्होल्टच्या संचाला जेमतेम एका व्होल्टचा फरक. त्यामुळे बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणारं सर्किट, किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला ते मोजून टक्का सांगतं. रोज थोडी चूक साचत जाते. बॅटरी पूर्ण भरली की ती चूक पुसली जाते आणि सेलही त्याच वेळी एकमेकांशी जुळतात.

आयुष्य वाढावं म्हणून जे वरची मर्यादा कायम ८० वर ठेवतात, त्यांच्याकडे हा घोटाळा हमखास होतो. पंधरवड्यातून एकदा बॅटरी १०० पर्यंत जाऊ द्या आणि तासभर तिथेच राहू द्या. टक्का एका फेरीत सुधारला नाही तर दोन-तीन वेळा करा.

तरीही उडी मारत असेल तर इन्व्हर्टर आणि बॅटरीमधली संदेशाची केबल बघा. ती सुटलेली असेल किंवा सेटिंगमध्ये लिथियमऐवजी व्होल्टेजवर चालणारा पर्याय निवडला असेल, तर इन्व्हर्टर व्होल्टेजवरून टक्का ताडतो. वर सांगितलेल्या एका व्होल्टच्या फरकात तो अंदाज धरण्यासारखा नसतोच. पंप सुरू झाल्यावर व्होल्टेज खाली बसतं तेव्हा तर बिलकुल नाही.

आणि सकाळची एक तक्रार: रात्री बॅटरी संपली, ऊन आलं, पॅनल चार्ज करतायत, पण घरात पुरवठा नाही. हा रीस्टार्टचा आकडा. बॅटरी ४० ला पोचेपर्यंत इन्व्हर्टर घर सुरू करत नाही, नाहीतर चालू-बंद, चालू-बंद होत राहील. थांबा, तो बिघडलेला नाही. फार वेळ लागत असेल तर रीस्टार्ट ३० वर आणता येतो.

वर किती भरायची?

मोबाइलचा ८० टक्क्यांचा नियम घराच्या एलएफपी बॅटरीला जसाच्या तसा लावू नका. तिला खरा त्रास उष्णतेचा. पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेली भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. ती घरात सावलीत आणली तर १०० टक्क्यांची फार काळजी करायचं कारण नाही. लाइट क्वचित जाते त्या महिन्यांत ९० ठेवायचे असतील तर ठेवा, पंधरवड्याची पूर्ण फेरी मात्र चुकवू नका.

एक अपवाद आहे. घरात आधीचा साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर असेल आणि तो हायब्रिडच्या बॅकअप बाजूला जोडलेला असेल, तर लाइट गेल्यावरही तो वीज ओतत राहतो. बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती वीज जायला जागा नसते. मग हायब्रिड फ्रिक्वेन्सी ५० च्या वर नेऊन जुन्या इन्व्हर्टरला बंद पाडतो, आणि तेवढ्यात दिवे लुकलुकतात, यूपीएस ओरडतात. अशा घरात वरची मर्यादा ९० च्या आसपास ठेवून थोडी जागा राखावी.

ट्यूब्युलर बॅटऱ्या असलेल्यांसाठी हिशेब वेगळा. १५० ॲम्पियर-तासांच्या चार बॅटऱ्या कागदावर ७.२ युनिट देतात, पण त्यातले अर्धेच वापरायचे. आणि अर्धवट भरलेली ठेवली की प्लेटवर सल्फेट बसतं. म्हणून तिथे लाइट असतानाची मर्यादा थेट १०० ठेवा आणि पाणी बघत राहा.

पावसाळ्याची सेटिंग

जुलैच्या संततधारेत पॅनल बॅटरी भरतीलच याची खात्री नाही. त्या महिन्यांपुरती ग्रिड चार्जवर टिक करा. बॅटरी टक्क्याखाली गेली की इन्व्हर्टर ग्रिडकडून तेवढी भरून घेतो. फक्त सेलिंग फर्स्ट बंद आहे ना ते आधी पाहा. नाहीतर एका ओळीत ८० पर्यंत विकत घ्यायची आणि पुढच्या ओळीत ५० पर्यंत विकायची असा खेळ रोज सुरू होतो, आणि प्रत्येक फेरीत घट तुमच्या माथी.

वादळाचा इशारा आला की सहाही ओळींत १०० लिहा आणि ग्रिड चार्ज चालू ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी पहिली रात्र भरलेल्या बॅटरीवर निघाली तर दुसऱ्या दिवशी थोडं ऊन आलं तरी गाडी पुढे चालते. लाइट गेल्यावर फ्रिज, दोन दिवे आणि मोबाइल एवढंच चालू ठेवा. पंप दुपारी, पॅनल काम करत असताना.

एवढं करूनही बॅटरी टिकत नसेल तर इन्स्टॉलरला बोलवा, पण बोलवण्याआधी चार फोटो काढून ठेवा: वर्क मोडचं पान, सहाही ओळींचा तक्ता, बॅटरी सेटिंगचं पान आणि लाइट गेली त्या रात्रीचा ॲपमधला आलेख. तो आला की काहीही रीसेट करायच्या आधी त्याला हे फोटो दाखवा, आणि काम झाल्यावर त्याच पानांचे फोटो त्याच्यासमोर पुन्हा काढा.